पुढच्या डाव्या चाकाची हवा

विठोजीच्या लॉरीचा टायर फुटला तेव्हा स्टीअरिंगवर सयाजी होता आणि विठोजी शेजारी बसून पानाला चुना लावत होता. सत्तावन्न सालच्या एप्रिलातली दुपार. हिरियूर मागे पडलं होतं, बळ्ळारीचा रस्ता तव्यासारखा तापला होता, मागे चिकपेटेच्या बाजारातून भरलेलं लोखंडी सामान होतं. तोफ डागल्यासारखा आवाज झाला, लॉरी डावीकडे खेचली गेली आणि रस्त्याकडेच्या चिंचेवर जाऊन आदळली. विठोजीच्या कपाळाला नुसती खोक पडली. सयाजीचा डावा पाय मात्र पत्र्यात चेंगरला. क्लच दाबायचा पाय. पुढे इस्पितळात डॉक्टरांनी तो वाचवला, पण आता लॉरी चालवणं विसरायचं, असं स्पष्ट सांगून टाकलं.

दोघंही बेंगळुरातल्या गवीपुरातले. तीनशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या मराठ्यांची घरं, पाठीला पाठ लावलेली. महायुद्धाच्या काळात दोघांनी सैन्याच्या लॉऱ्या चालवल्या, आणि लढाई संपल्यावर विठोजीने लिलावातली एक जुनी लॉरी घेतली. लॉरी विठोजीची, पण चालवायचे दोघं. पावसाळ्यात सकलेशपूरचा घाट उतरून मंगळूरला कापड न्यायचं आणि खोबरं-सुपारी आणायची. उन्हाळ्यात बळ्ळारीला जायचं आणि कापसाच्या गाठी भरून परतायचं. एका वाटेवर चिखल, दुसऱ्या वाटेवर फुफाटा.

आदल्या पावसाळ्यात घाटात लॉरी दरीच्या कडेपर्यंत घसरत गेली होती. त्या धसक्याने विठोजीने सगळ्या चाकांना खोल दातांचे जाड टायर घातले होते. त्या दातांनी चिखल असा धरला की सबंध पावसाळा निभावला. उन्हाळ्यात तेच टायर राहिले आणि त्यातलाच एक फुटला. म्हणून अपघातानंतर विठोजीला एकच गोष्ट खात होती: टायर निवडला तो मी, आणि पाय गेला तो सयाजीचा.

लॉरी दुरुस्तीला पडली. विठोजीला घरात बसवेना. जेवताना अर्ध्यावर उठायचा, अंगणात जाऊन उभा राहायचा, परत यायचा. बायको गोजराबाई म्हणाली, "एकदा त्यांना जाऊन बघून तरी या. भिंतीपलीकडे तर आहेत." सयाजी इस्पितळातून घरी आल्याला आठवडा होऊन गेला होता. विठोजी हो म्हणायचा, चप्पल घालायचा आणि उलट्या दिशेने कलासीपाळ्याला निघून जायचा. तिथे लॉऱ्यांचा अड्डा होता. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो गाठायचा. कुठला टायर? किती चालला? उन्हात कसा, पावसात कसा? कुणी म्हणे दातांचाच घ्या, कुणी म्हणे सरळ रेघांचा घ्या, कुणी म्हणे जुन्यावरच नवं रबर चढवून घ्या. सकाळी एक पटायचं, संध्याकाळी दुसरं. पावसाळा तोंडावर आला तरी लॉरी लाकडी ठोकळ्यांवर तशीच उभी.

शेवटी तो शेषगिरीरावांकडे गेला. ते माध्व ब्राह्मण, घरी मराठी बोलणारे. त्यांचं टायरचं दुकान अड्ड्याजवळच होतं. विठोजीने फुटलेला टायर जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घालून नेला आणि त्यांच्यासमोर टाकला.

"हा का फुटला ते सांगा. मग मी नवे घेतो."

शेषगिरीरावांनी चष्मा पुसला आणि वाकून टायरच्या फाटलेल्या कुशीत बोटं घातली. "विठोजीराव, दातांचं रबर जाड असतं. लांब डांबरी रस्त्यावर, उन्हात ते तापतंच. पण नुसत्या त्याने हा फुटला नाही. हे बघा, आतले दोरे भाजून निघालेत. हवा कमी असताना टायर पळवला की असं होतं."

"हवा मी निघताना स्वतः भरून घेतली होती."

"मग वाटेत गळली असेल. नाहीतर कुणी सोडली असेल. टायर तापला की आतली हवा फुगते, लोक घाबरतात आणि सोडून देतात. खरं तर सोडायची नाही. सोडली की टायर चपटा होतो, दर फेऱ्याला मुडपतो, आणि दुप्पट तापतो. सावलीत थांबायचं, आपोआप निवू द्यायचा."

विठोजीने मान हलवली. वॉल्व गळत असणार. निघताना तो आपण नीट तपासला नाही. त्याच्या डोक्यातला भुंगा आणखी जोरात घुमायला लागला.

दुसऱ्या दिवशी सयाजीची बायको सकवारबाई दारात येऊन उभी राहिली. "अण्णा, हे रोज भिंतीवर काठी आपटतात. तुम्हाला ऐकू येत नाही?"

आता जाणं भाग होतं. सयाजी खाटेवर बसला होता, पाय फळ्यांमध्ये बांधलेला. विठोजी उंबऱ्याजवळच टेकला.

"मेलो नाही मी," सयाजी म्हणाला. "सुतकी तोंड करून बसू नकोस. टायर फुटला, त्याला तू काय करणार?"

"माझीच चूक सयाजी. वॉल्व गळत होता. मी बघितला नाही."

"कसला वॉल्व? हिरियूरला तू चहा प्यायला गेलास ना, तेव्हा मी पुढच्या डाव्या चाकाला हात लावला. चटका बसला. म्हणून स्वल्प हवा सोडली, जिवाला धोका नको म्हणून. तरी फुटला! म्हणजे बघ, जे करायचं ते आपण सगळं केलं होतं. तू उगाच स्वतःला खाऊ नकोस."

विठोजी त्याच्याकडे बघत राहिला. सयाजीचा चेहरा अगदी मोकळा होता. मित्राच्या डोक्यावरचं ओझं उतरवल्याचं समाधान त्यावर दिसत होतं. बाहेर सकवारबाई तांदूळ पाखडत होती.  पाय गेलेल्या माणसाला काय सांगायचं, की तो तुझ्याच हाताने गेला?

"सरी," तो म्हणाला. "बरं रे."

त्या दिवसापासून त्याची तगमग कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली. आधीचं दुःख निदान कुणाला सांगता येत होतं.

टायर मात्र त्याने घेतले. शेषगिरीरावांचं म्हणणं त्याला पटलं होतं: पुढची चाकं लॉरी वळवतात, तिथे सरळ रेघांचे घ्या, ते कमी तापतात; लॉरी ओढतात ती मागची चाकं, तिथे पावसाळ्यापुरते दातांचे ठेवा, उन्हाळा आला की मागेही रेघांचे घाला. जून महिन्यात तो एक पगारी ड्रायव्हर घेऊन घाटात उतरला. एका वळणावर दरड कोसळून तांबडा चिखल पसरला होता. पुढची चाकं जराशी वाहवली, मागच्यांनी जमीन धरली, आणि लॉरी हळूहळू पार झाली. ड्रायव्हर आनंदाने ओरडला. विठोजी म्हणाला, "गप बस, पुढे बघ."

पावसाळा सरल्यावर मागचे टायर उतरवले, तेव्हा ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. उन्हात रबर तडकतं, ओलीत दोरा कुजतो. सयाजी आता काखेत कुबडी घेऊन चालत होता आणि रिकामपणाने चिडचिडा झाला होता. तोच म्हणाला, "अड्ड्याजवळ एक शेड घेऊ. मी सांभाळतो. आणि तुझेच कशाला? सगळ्यांचेच ठेवू."

शेड चालली. घाटात जाणारे लॉरीमालक उन्हाळ्यात दातांचे टायर तिथे ठेवू लागले, पावसाळ्याचे दिवस आले की बदलून नेऊ लागले. सयाजी कुठला टायर कुणाचा हे नुसतं बोट फिरवून सांगायचा. ड्रायव्हर त्याला अण्णा म्हणत, सल्ला विचारत. त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत झाला. विठोजी मात्र तिथे चहा संपेपर्यंतही टिकत नसे. काहीतरी काम काढून उठायचा.

पुढच्या मार्चमधली सकाळ. खंडोजी नावाचा तरुण ड्रायव्हर शेडमध्ये टायर बदलून बळ्ळारीला निघाला होता. विठोजी दारात होता.

खंडोजीने विचारलं, "अण्णा, वाटेत टायर तापला तर काय करू?"

"तापला तर स्वल्प हवा सोड," सयाजी म्हणाला. "मी तेच करायचो."

खंडोजीने मान डोलावली, लॉरीत चढला, इंजिन सुरू केलं. विठोजी एक क्षण तसाच उभा राहिला. मग धावत जाऊन तो लॉरीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"हवा सोडायची नाही!" तो ओरडला. "ऐकलंस? सावलीत थांब. निवू दे. पण हवा सोडायची नाही!"

खंडोजी गोंधळला. शेडमधून कुबडी टेकत सयाजी बाहेर आला. "का? का नाही सोडायची?"

विठोजी वळला. आता मागे फिरायला जागा नव्हती. "सोडली की जास्त तापतो. आणि फुटतो."

खंडोजीची लॉरी निघून गेली.  सयाजीने एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, एकदा विठोजीकडे. मग शेडच्या कुडाला पाठ टेकवली.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तुला भेटायला आलो, त्याच्या आदल्या दिवसापासून."

"आणि मला इथे बसून लोकांना हे सांगू दिलंस?" सयाजीचा आवाज चढला. "माझ्या पायाचं मला काय सांगतोस! तो गेला तो गेला. दामोदर काल दावणगेरेला गेला. मल्हारराव आज पहाटे रायचूरला निघालाय. दोघांनाही मी हेच सांगितलंय!"

विठोजीने आजवर फक्त सयाजीच्या मनाचा विचार केला होता. सयाजी हाच सल्ला दुसऱ्यांनाही देईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.  तो अड्ड्यावरच्या आपल्या लॉरीकडे धावला. तिच्यात माल नव्हता, तो स्वतःच ती घेऊन निघाला. नेलमंगला, तुमकूर, प्रत्येक चहाच्या टपरीवर उतरायचा, उभ्या असलेल्या लॉऱ्या बघायचा, पुन्हा चढायचा. मल्हारराव शिऱ्याजवळ एका वडाखाली सापडला. तो चाकाशी उकिडवा बसला होता आणि वॉल्वचं टोपण त्याने नुकतंच काढलं होतं. दामोदर दावणगेरेहून माल उतरवून परतताना चित्रदुर्गाच्या अलीकडे भेटला. त्याने जाताना एकदा हवा सोडली होती; टायर कसाबसा टिकला होता.

विठोजी दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. सकवारबाई वाटेतच भेटली, जेवणाचा डबा घेऊन. "कालपासून शेडवरच आहेत. घरी येईनात," ती म्हणाली. "तुम्ही द्या हा."

सयाजी टायरच्या चळतीला टेकून बसला होता. विठोजीने डबा समोर ठेवला.

"भेटले?"

"दोघंही भेटले. धड आहेत."

"मल्हारराव काय म्हणाला?"

"शिव्या दिल्या."

"मला?"

"आधी मला. मग तुला."

सयाजीने डबा उघडला, भाकरी मोडली, अर्धी विठोजीपुढे सरकवली. दोघं जेवले. मग सयाजी म्हणाला, "माझ्यापासून लपवायला नको होतंस. मी काय लहान पोर होतो?"

"नव्हतास."

"मग?"

"धीर झाला नाही."

सयाजीने रिकामा डबा बंद केला. पुढचा सबंध पावसाळा तो विठोजीशी कामापुरतंच बोलला. पण शेडमध्ये नवा ड्रायव्हर आला की त्याला तो आधी बसवून घ्यायचा, धोतर गुडघ्यावर घेऊन पाय दाखवायचा आणि म्हणायचा, "हे मी माझ्या हाताने केलंय. तापलेल्या टायरची हवा सोडली म्हणून." कुणी हसलं तर चिडायचा. विठोजी तिथे असला तर मान खाली घालून बाहेर जायचा. मग हळूहळू जाईनासा झाला, कोपऱ्यात उभा राहून ऐकायला लागला.

पासष्टच्या सुमाराला विठोजीची नजर मंदावली आणि त्याने लॉरी विकली. शेषगिरीरावांनी त्याला दुकानात बसायला बोलावलं, पण तो चार दिवसांत कंटाळला. मग रोज सकाळी गवीपुरातून सयाजीबरोबर कलासीपाळ्याला निघायचा. सयाजीला कुबडीवर जायला वेळ लागायचा आणि विठोजीला हळू चालता यायचं नाही. तो पुढे जायचा, थांबायचा, परत मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा. सयाजी वैतागून म्हणायचा, "अरे, एकदा तरी सरळ चाल!"