डाव्या मुठीसाठी एक खेळणं

आमची मुलगी दीड महिना आधीच आली. मी चाळिशीला टेकलेला, लग्नाला अकरा वर्षं झालेली. आम्हाला दोघांना वाट बघायची इतकी सवय झाली होती, की ती आली तेव्हा मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत पाळणा कुठे टांगायचा हेसुद्धा ठरलं नव्हतं. मी पेशाने नकाशे काढणारा. दुसऱ्यांच्या घरांत कुठे काय बसवायचं हे मी आयुष्यभर सांगत आलोय. स्वतःच्या घरात पाळण्याची जागा शेवटी माझ्या आईने ठरवली, तीही मला न विचारता.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी मुलीसमोर आपला छोटा टॉर्च धरला. उजवा हात लगेच पुढे आला. डावा मात्र अंगठा मुठीत दाबून छातीशी तसाच बसून राहिला. बाईंनी टॉर्च डावीकडे नेला, तरी मूठ सुटली नाही. त्यांनी काही व्यायाम लिहून दिले आणि म्हणाल्या, “घाबरू नका, पण लक्ष ठेवा. दोन्ही हातांना काम द्या. तीन महिन्यांनी याल तेव्हा एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेताना ती मला दिसली पाहिजे. नाही दिसली, तर मोठ्या डॉक्टरांना दाखवू.”

‘घाबरू नका’ म्हटल्यावर न घाबरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. घरी येताना रिक्षात मी माझ्याच दोन हातांकडे बघत होतो. पिशवी ह्या हातातून त्या हातात, सुट्टे पैसे त्या हातातून ह्या हातात. आयुष्यात हजारो वेळा केलं असेल, आणि एकदाही ही काही येण्यासारखी गोष्ट आहे असं वाटलं नव्हतं.

बायको शाळेत शिकवते. तिने सायबर कॅफेत दोन तास बसून बाळांच्या खेळण्यांबद्दलची पानं छापून आणली. माँटेसरी हा शब्द मी तोवर फक्त बालवाड्यांच्या पाटीवर वाचला होता. त्या पानांचं म्हणणं साधं होतं. खेळणं मुठीत मावेल असं असावं, तोंडात गेलं तरी चालेल असं असावं, त्याने एकच गोष्ट शिकवावी. आणि बाळ खेळत असताना, म्हणजे त्यांच्या भाषेत काम करत असताना, मोठ्यांनी हात मांडीवर ठेवून नुसतं बघावं.

मी कुठलंही काम पहिल्या पानापासून सुरू करतो. पहिल्या पानावर पाळण्यावर टांगायचे काळे-पांढरे आकार होते. ते अगदी नवजात बाळासाठी आहेत, असं बायको सांगत होती. पण ऑफिसात संगणक आल्यापासून माझी शाईची पेनं वाळत पडली होती, आणि मला ती बाहेर काढायला कारण हवं होतं. मी पाच पुठ्ठे कापले, त्यांवर वर्तुळं, चौकटी, पट्टे असे रेखले, की आमच्या साहेबांनी कधी नव्हे ते कौतुक केलं असतं. पाळण्यावर टांगले आणि समोर उभा राहून बघत बसलो. मुलीने एकदा वर पाहिलं आणि पंख्याकडे तोंड फिरवलं.

बायको पाळण्याशेजारी जमिनीवर आडवी झाली. मुलीसारखं वर पाहिलं. मग म्हणाली, “अहो, इथून नुसत्या पाच रेघा दिसतात.”

खरंच होतं. मी सगळं समोरून बघायचं काढलं होतं आणि बाळ खालून बघत होतं. तिच्या वाट्याला पुठ्ठ्यांच्या कडा आल्या होत्या. ज्या माणसाने जन्मभर एकच इमारत वरून, समोरून आणि कापून अशी तीनदा काढली, त्याला बाळ झोपलेलं असतं एवढं सुचलं नव्हतं. मीही आडवा झालो. खिडकीच्या ग्रिलमधून आलेलं ऊन छतावर जाळीसारखं पडलं होतं, आणि खाली रस्त्यावरून टँकर गेला की ती जाळी थरथरायची. पाच वर्षं त्या घरात राहत होतो, हे छत मी पहिल्यांदा पाहिलं. मुलगी रोज हेच बघत होती, आणि मला वाटायचं तिला करमत नसेल.

दुसरं खेळणं लाकडाचं करायचं ठरलं, मुठीत धरायची एक गोल कडी. नया नगरमध्ये एक चाचा खरादीवर पलंगाचे पाय कातून द्यायचे. त्यांच्याकडे मी कडीचा नकाशा घेऊन गेलो, तिन्ही बाजूंनी काढलेला, मापांसकट. चाचांनी तो आडवा-उभा करून पाहिला आणि विचारलं, “साहब, पलंग कितना बड़ा है?” मी म्हटलं पलंग नाही, बच्ची का खिलौना है. त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि विचारलं, बच्चीची मूठ केवढी आहे.

मी सगळ्याची मापं घेतली होती. मुठीचं घेतलं नव्हतं.

घरी येऊन तिच्या उजव्या मुठीत माझी करंगळी दिली. तिने ती घट्ट धरली. जिथवर मूठ आली तिथे मी शाईची खूण केली. मग तीच करंगळी डाव्या मुठीत द्यायला गेलो, पण आत शिरायला वाटच नव्हती. तसाच खूण केलेली करंगळी घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, खूण पाहिली आणि हळूच म्हणाले, “बस, इतनी सी?” पुढचा अर्धा तास ते खरादीवरून उठले नाहीत. पलंगाचे पाय कातणारा तो राकट हात एक बारीक कडी घडवत होता. पॉलिश नाही, रंग नाही. खोबरेल तेलाचा हात तेवढा फिरवला. शेवटी कुसळ राहिलंय का हे बघायला त्यांनी ती कडी स्वतःच्या ओठांवरून सावकाश फिरवली. आमच्या इमारतींची तपासणी इतक्या काळजीने झालेली मी कधी पाहिली नाही.

कडी मुलीला आवडली. पण उजव्या हातात. एक महिना गेला, दुसरा निम्मा गेला, कडी उजव्या हातातून तोंडात आणि तोंडातून जमिनीवर. डावी मूठ मिटलेलीच.

तिला तेल लावायला नवघरहून एक मावशी यायच्या. त्यांच्या घरची माणसं पूर्वी मिठागरात राबायची. आता मिठागर नव्हतं, मावशींचे पंजे तेवढे उरले होते. तेलाचा हात फिरवताना त्या डावी मूठ आपल्या अंगठ्याने पाकळीसारखी सोडवायच्या आणि ती सुटायची. मी रोज आशेने बघायचो. त्यांनी हात काढला की पुन्हा बंद. एकदा त्या म्हणाल्या, “हात बिघडलेला न्हाय हाय. ह्याला काम न्हाय, म्हणून निजून हाय.” मला राग आला. घरात खेळण्यांचा कारखाना काढलाय आणि ह्या म्हणतात काम नाही.

छापील पानांत नुसतं बघा असं लिहिलं होतं, म्हणून मी बघत होतो. पण मला नुसतं बघता येत नाही, हातात पेन्सिल लागते. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी पंधरा मिनिटं मी मुलीचे हात काढायचो. फक्त हात. वहीची चाळीस-एक पानं भरली होती. एका रविवारी ती चाळताना माझ्या लक्षात आलं, की बहुतेक पानांच्या कडेला एक तिसरा हात आहे.

मी तो मुद्दाम काढला नव्हता. जे दिसलं ते काढत गेलो होतो. कडी मुलीच्या डाव्या बाजूला पडलेली, आणि एक मोठा हात ती उचलून उजव्या मुठीत देतोय. डाव्या मुठीजवळ वाटी, आणि एक हात ती उजवीकडे सरकवतोय. पान उलटावं तर पुन्हा तेच. आमच्या घरात वस्तू डाव्या हातात देत नाहीत, घेत नाहीत. पाहुण्याला पाण्याचा पेला, देवाचं तीर्थ, शेजारणीला साखरेची वाटी, सगळं उजव्या हाताने. हे आम्हाला कुणी शिकवलेलं आठवत नाही, आणि करतोय हेही कळत नाही. दोन महिने आम्ही दोन्ही हातांना काम द्या म्हणत होतो आणि प्रत्येक काम आपल्याच हाताने उजवीकडे नेत होतो.

बहुतेक चित्रांत त्या तिसऱ्या हातात बांगड्यांसोबत एक सोन्याची पाटली होती. म्हणजे आईचा हात. आईला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. नातीसाठी सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसणारी बाई, तिला काय सांगणार? दुपारपर्यंत टाळलं, मग तिच्यापुढे वही ठेवली. तिने एकेक पान नीट पाहिलं.

“पाटली बरोबर काढलीस,” ती म्हणाली. मग एका पानावर बोट ठेवलं. “आणि हे घड्याळ कुणाचं?”

घड्याळ माझं होतं, मी ते उजव्या मनगटावर बांधतो. मी चित्र काढता काढता डाव्या हाताने वही धरून उजव्या हाताने कडी सरकवली होती, आणि पुन्हा बसून ते इमानेइतबारे काढलंही होतं. पुढच्या दोन पानांवर बायकोची खड्याची अंगठी निघाली. माँटेसरीची पानं छापून आणणारी बायको बोटातली अंगठी फिरवत राहिली. आई हसली नाही. तिने वही मिटली आणि विचारलं, “मग ती मूठ आपल्यामुळे…?” मी म्हटलं, आपल्यामुळे नाही. ते आधीपासून होतं. आपण फक्त तिला संधी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने ते मावशींना सांगितलं, थोडं तक्रारीच्या सुरात, की आता डाव्या हातात द्यायचं म्हणे. मावशी तेल चोळत म्हणाल्या, “मिठागरात उजवा-डावा करीत बसलो असतो, तर मीठ पिकलंच न्हाय असतं.”

तेव्हापासून मुलगी खेळायला बसली की आई दोन्ही हात पदराखाली घालून बसायची. तिला ते सोपं नव्हतं. कडी डावीकडे घरंगळली की पदर हलायचा. आम्ही कडी मुद्दाम डावीकडेच ठेवत होतो. मावशी मूठ सोडवून द्यायच्या, आम्ही ती मिटण्याआधी कडी टेकवायचो. कडी पडायची. पुन्हा टेकवायचो. असे आठवडे गेले. डॉक्टरीणबाईंकडे जायला नऊ दिवस उरले होते.

त्या सकाळी मी बूट घालत होतो. मुलगी चटईवर बसली होती, कडी उजव्या हातात. डावी मूठ हळूहळू छातीवरून सुटली, हवेत जरा हेलकावली आणि येऊन कडीवर आपटली. परत गेली. पुन्हा आली. ह्या वेळी तर्जनी एकटीच बाहेर निघाली, गोगलगाईच्या शिंगासारखी, आणि कडीत अडकली. मग दुसरं बोट. अंगठा सगळ्यात शेवटी निघाला, आणि दोन्ही हातांनी धरलेल्या त्या कडीकडे ती अशी बघत राहिली, की जणू हे कुणी केलं ते कडीलाच विचारायचं होतं.

मला वाटलं, झालं. पण अवघड भाग पुढेच होता. उजव्या हाताने सोडायला हवं होतं. दोन्ही हात ओढत होते, तिचं तोंड लाल झालं होतं. मी एका पायात बूट घालून दारात उभा, बायकोच्या हातात गॅसचा लायटर, आईचा पदर अगदी स्थिर. मग उजव्या हाताची बोटं एक एक करून उघडली. कडी डाव्या हातात राहिली. कुकरची शिट्टी होईपर्यंत राहिली, मग पडली.

वस्तू धरणं मोठं असतं हे मला माहीत होतं. एका हाताने दुसऱ्यावर विश्वास ठेवून सोडणं किती मोठं असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो, आणि उशिराचं कारण साहेबांना सांगता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंसमोर तिने टॉर्च ह्या हातातून त्या हातात घेतला आणि जमिनीवर टाकला. बाईंनी तो दोनदा उचलून दिला. डावा हात अजून मागे आहे, व्यायाम चालू ठेवा, पण मोठ्या डॉक्टरांकडे आत्ता जायला नको, असं म्हणाल्या. आईने बाहेर आल्यावर रिक्षा थांबवली, ती डाव्या हाताने.

त्या संध्याकाळी घरी आरती झाली. आईने नेहमीप्रमाणे नातीसाठी केळ्याचा मऊ तुकडा कुस्करून घेतला. मुलगी बायकोच्या मांडीवर होती. प्रसादासाठी तिचा हात पुढे आला, तो डावा. तळवा अर्धामुर्धा उघडा, अंगठा बाहेर. आईचा हात सवयीने उजवीकडे वळला आणि मध्येच थांबला. तिने देवाकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. त्या तळव्याकडेच बघत राहिली. मग केळं तिने तिथेच ठेवलं आणि मुलीची बोटं त्यावर मिटेपर्यंत आपला हात खाली धरून ठेवला, पडू नये म्हणून.

मी वही आणायला उठलो. बायकोने माझा सदरा धरून खाली बसवलं.

“अहो,” ती म्हणाली, “आता नुसतं बघा.”