खंडेनवमीचा अपडेट

आमच्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे माझ्या कुचेष्टेचा हक्काचा विषय. त्याची सिस्टीम इतकी जुनी, की बनवणाऱ्यांनीही तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. मी लॅपटॉपवाला, तो डबा वडिलांचा. शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी त्याच्यासमोर बसून एका बोटानं टकटक करायचे. एकदा जाता जाता मला पडद्यावर पत्त्यांचा डाव दिसला. तेवढ्यावरून मी ठरवून टाकलं, म्हातारा पत्ते कुटत बसतो.

गेल्या खंडेनवमीला सकाळीच ते म्हणाले, "पेन्शनची साइट उघडंना. सिस्टीम जुनी झाली म्हणतंय. बघ जरा." मी बघितलं. कित्येक वर्षांचे अपडेट तुंबलेले. चांगल्या सुटीच्या दिवशी हे भिकार काम माझ्या गळ्यात! मी बटण दाबलं आणि वडील झेंडू आणायला गुलमंडीच्या बाजारात गेले.

दोन तास झाले तरी पडद्यावर पस्तीस टक्केच. खाली सूचना, कॉम्प्युटर बंद करू नका. तो गोल आपला फिरतोय. एवढ्या वेळात माणूस वेरूळला जाऊन लेणी बघून येतो.

इकडं आईनं आमच्या गावच्या, देवगाव रंगारीच्या शेतावरचा कोयता, विळी, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते, कॉम्प्युटरलासुद्धा. ती कुंकवाची वाटी घेऊन आली.

"चालत्या मशिनीला कुंकू लावत्यात व्हय? बंद कर ते."

मला तिच्या पूजेचं कौतुक नव्हतं आणि त्या पस्तीस टक्क्यांचंही. सूचना मी वाचली होती. तरी सरळ प्लग उपटला. थोड्या वेळानं वडील आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्यावर झेंडूचं फूल वाहिलं.

दसऱ्याला ते भावांना सोनं द्यायला देवगावला गेले, ते चार दिवस तिकडंच राहिले. मी कॉम्प्युटर सुरू केला तर पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. शेवटी उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात नेऊन टाकला. दुकानदारानं तो उघडला, तोंड वाकडं केलं.

"भाई, फॉरमॅट मारना पडेगा. सगळं पुसलं जाईल. आत काही कामाचं हाय का?"

"कामाचं कसलं? वडील पत्ते खेळतात."

देवगावला एक फोन करायला मला काय धाड भरली होती? नाही केला.

वडील परत आले, तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर तयार होता. आता शाबासकी मिळेल म्हणून मी शेजारी उभा. ते बसले, चष्मा पुसला, बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"माझं लिखाण कुठंय?"

"कसलं लिखाण, अण्णा?"

देवगावच्या शेतांची नावं. कुठल्या शेताला काय म्हणायचे, का म्हणायचे, कुठली विहीर कुणी खोदली. दोन वर्षं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून लिहीत होते. पत्ते ते बोट दुखलं की खेळायचे.

मी सगळं सांगितलं, प्लगसुद्धा. ते चष्मा काढून टेबलावर ठेवून उठले. यंत्र भंगार, सिस्टीम भंगार, म्हातारा रिकामटेकडा, असं म्हणत आलेला मी. त्या घरात खरा भंगार माल कोण, ते मला तेव्हा कळलं. माझी मलाच किळस आली.

आता ते वहीत लिहितात. दोन विहिरी कुणी खोदल्या ते त्यांना आठवत नाही, आणि ज्यांनी सांगितलं होतं ते म्हातारे आता राहिले नाहीत. परवा त्यांना बोट चोळताना बघून मी जवळ जाऊन बसलो.

"अण्णा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

त्यांनी वही आपल्याकडं ओढली.

"नको. तू मधीच बंद करशील."