नाशपातीखालच्याचा वाढदिवस

आम्हा डच लोकांकडे वाढदिवसांची दिनदर्शिका संडासात टांगतात. बसल्या बसल्या नजर जाते, म्हणजे मग 'विसरलो' म्हणायला तोंड राहत नाही. तिच्यावर वार नसतात, नुसत्या तारखा, त्यामुळे एकच दिनदर्शिका जन्मभर पुरते. माणूस गेलं की नावावर रेघ मारायची. माझी शेजारीण रीकमावशी, तिच्याकडची दिनदर्शिका तिच्या आईपासूनची. तिच्यावर नावांपेक्षा रेघाच जास्त झाल्या होत्या.

चौदा ऑक्टोबरच्या नावावर मात्र रेघ नव्हती. तिथे लहान मुलीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'नाशपातीखालचा'.

तो पॅराशूटने उतरलेला इंग्रज शिपाई. दुसऱ्या महायुद्धात आमच्या ओस्टरबेक गावात झालेल्या लढाईत तो रीकमावशीच्या घरामागे पडला. मावशी तेव्हा आठ वर्षांची, सगळ्यांबरोबर तळघरात लपलेली. त्याने एकदा खिडकीतून पाणी मागितलं आणि हिने दिलं, ओळख म्हणाल तर एवढीच. वडिलांनी त्याला नाशपातीच्या झाडाखाली पुरलं. गळ्यात नावाचा बिल्ला नव्हता. लढाई संपल्यावर त्याला दफनभूमीत हलवलं आणि दगडावर लिहिलं, की याचं नाव देवाला ठाऊक. हे काही मावशीला पटलं नाही.

"देवाला ठाऊक असून आपल्याला काय उपयोग? आपण केक कधी करायचा?" असं तिने आईला विचारलं म्हणे. घरात ऑक्टोबरात कुणाचाच वाढदिवस नव्हता, महिना कोरडा जायचा. म्हणून बाईसाहेबांनी त्याला ऑक्टोबरात बसवलं. आईनेही खोडलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी केक. वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्या घराचं, ही आमची रीत. मीही जाऊन तिचा हात हातात घेऊन हलवायची. "अभिनंदन, मावशी, तुझ्या शिपायाबद्दल!" ती अगदी गंभीरपणे म्हणायची, "आभारी आहे."

"त्याच्यावर रेघ का नाही गं?" मी एकदा विचारलं.

"नाव लिहिलं तेव्हाच तो गेलेला होता. आता पुन्हा कसा मरेल?"

मग एका वसंतात बातमी आली. इंग्लंडातल्या लोकांनी शोध घेऊन त्याची ओळख पटवली होती. नाव सिरिल. बाप गेल्यानंतर जन्मलेली त्याची मुलगी बेरिल, सत्तरीची, नाव कोरलेला नवा दगड बघायला येणार होती आणि तिला मावशीलाही भेटायचं होतं.

"म्हणजे आता तो तिचा," मावशी म्हणाली.

"तुझा तरी कधी होता?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बेरिल आली. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि लगेच डबा बंद करतात. त्या दिवशी डबा उघडाच राहिला, इतकी मावशी बावरली होती. तिने झाड दाखवलं, पाण्याची गोष्ट सांगितली. केकचं मात्र अवाक्षर काढलं नाही. थोड्या वेळाने बेरिल संडासात गेली आणि मावशीने माझा दंड धरला. "योके! दिनदर्शिका काढायची राहिली!"

बेरिल बाहेर आली. "ऑक्टोबरात एकच नाव आहे, तेही न खोडलेलं. कुणाचं हो?"

मावशीने मान खाली घालून सगळं सांगितलं. बेरिलने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "बाबांचा वाढदिवस जूनमध्ये असतो."

मावशीचा चेहरा उतरला. तिने उठून पेन आणून दिलं. "खोड बाई. जूनमध्ये लिही. तुझा हक्क आहे."

"आमच्याकडे त्यांचा जून कधी झालाच नाही," बेरिल म्हणाली. "आईने दुसरं लग्न केलं. घरात त्यांचं नाव काढायची चोरी होती." ती पेन घेऊन आत गेली.

ती परत येईपर्यंत आम्ही दोघी उघड्या डब्याकडे बघत बसलो. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि मुकाट्याने दुसरं बिस्किट घेतलं. आता मावशी आत गेली. आतून हाक आली, "योके, इकडे ये!"

ऑक्टोबर होता तसाच होता. जूनमध्ये काही नव्हतं. फेब्रुवारीत मात्र नवं नाव होतं, 'बेरिल'.

ती निघताना मावशीने तिला दारातच बजावलं, "ऑक्टोबरात ये. केक असतो."

आणि ती आली. गल्लीतले सगळे एकामागून एक आत येऊन तिचा हात हलवत होते. "अभिनंदन, बाबांबद्दल!" हे तिला सत्तर वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. 'आभारी आहे' एवढं ती आमच्या भाषेत शिकून आली होती आणि प्रत्येकाला हसून म्हणत होती. सगळ्यांत शेवटी रीकमावशी पुढे झाली. "अभिनंदन, पोरी, बाबांबद्दल."

बेरिलला ते दोन शब्द काही जमले नाहीत. मावशीचा हातही तिने सोडला नाही. केक मलाच कापावा लागला.