पुण्याचे दोन धनी

बालाजी घाटाच्या वस्तीतले ढुंढिराजभट शौचे आयुष्यभर गरीब गाय होते. म्हाताऱ्याचे डोके कशाने फिरले ते सांगतो, आणि सांगताना माझेही फिरते.

वेळुगड आणि कासारपूर या दोन संस्थानांनी मिळून काशीत, त्या वस्तीजवळच, एक घाट बांधला होता. ढुंढिराजभट तिथले पुरोहित. रोज पहाटे गंगेत उभे राहून दोन्ही राजांच्या नावाने संकल्प सोडायचा, म्हणजे घाटावरच्या स्नानदानाचे पुण्य दोघांना सारखे पोचे. नावे मागेपुढे झाली तरी कारभारी डोळे वटारत.

एका पावसाळ्यानंतर घाटाची अर्धी भिंत कोसळली. खाली भटांची बायको कालिंदी धुणे धूत होती. ती जागच्या जागी गेली. उरलेली भिंत नहाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर झुकलेलीच राहिली. सुतक फिटताच भट ती उतरवून घ्यायच्या मागे लागले.

वेळुगडचे कारभारी म्हणाले, "बांधकाम कासारपूरचं. आम्ही फक्त दगड दिला."

कासारपूरचे म्हणाले, "गंगेच्या पुरापुढे कुणाचं काय चालतं? दैवी कोप! आणि वेळुगड हात लावत नाही, तर आम्ही एकट्यानं का लावावा?"

मग भट इंग्रजाच्या कचेरीत गेले. तिथला बाबू म्हणाला, "ये रियासतों का आपसी मामला है, पंडितजी. सरकार दखल नहीं देती."

राजाला दत्तक घ्यायचा तर सरकारची मंजुरी लागते, आणि बाई मेली की राजे स्वतंत्र! आग लागो असल्या न्यायाला.

कार्तिकी पौर्णिमेला घाट माणसांनी फुलला होता. भटांनी ओंजळ भरली आणि खणखणीत आवाजात संकल्प सोडला: कालिंदीच्या मृत्यूचे पातक वेळुगडाला पूर्ण, कासारपूरला पूर्ण, आणि बघत बसलेल्या सरकारलाही पूर्ण.

"भटजी, तिघांना पूर्ण कसं?" कासारपूरचा कारभारी पायऱ्यांवरून ओरडला. "वाटणी तरी करा!"

"पुण्याची वाटणी करा खुशाल," भट गरजले. "पाप वाटल्यानं कमी होत नसतं, समझे?"

लोकांनी 'हर हर महादेव' केले. कारभारी तोंड लपवून पळाला.

त्याच आठवड्यात भटांना कामावरून काढल्याचा हुकूम आला. त्यावर दोन्ही संस्थानांच्या मोहरा शेजारीशेजारी होत्या आणि खाली इंग्रज साहेबाची मंजुरी. एवढ्यासाठी मात्र तिघांचे लगेच जुळले.

भिंत अजून तशीच आहे. ढुंढिराजभट रोज पहाटे तिच्याखाली उभे राहून बायकांना हाकलतात, आणि बायका त्यांना पागल बुढ्ढा म्हणतात.