तांदळात लिहिलेलं नाव

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या मंदाबाईंना एवढंच हवं होतं, की आईनं डोळे मिटायच्या आत तिला तिचा हरवलेला भाऊ भेटवावा. आई म्हणजे विमलाबाई, फाळणीनंतर सिंधमधून आलेली. बाप छावणीतच गेला. धाकट्या किशनला काका कुठंतरी घेऊन गेला आणि हिला ओळखीच्यांनी अल्लीपूरच्या एका किराणावाल्याच्या घरी सून म्हणून दिलं. "किशन माह्या कडेवरून उतरत नसे वं, अंजू," म्हणत म्हातारी डोळे पुसायची. मंदाबाई सासरी मंदा झाल्या, पण आईची अंजू शेवटपर्यंत अंजूच राहिली.

निर्वासितांच्या नागरिकत्वाच्या जुन्या नोंदी कलेक्टर ऑफिसात आहेत, असं कुणीतरी सांगितलं. आईची नोंद सापडली की माहेरच्यांचा माग लागेल! मंदाबाईंनी परवाच्या वर्षी दिवाळीनंतर अर्ज दिला, पण आईला कळू दिलं नाही. "उगीच आस लावून काऊन रडवू तिले?" त्या नवऱ्याला, बंडूजींना म्हणाल्या. आजोबांचं नाव माहीत नव्हतं, आणि विचारावं तर बिंग फुटणार. अर्जात नुसतं 'विमला' लिहिलं. कारकुनानं बिचाऱ्यानं धूळ खात सगळं दप्तर पालथं घातलं. विमला नव्हतीच.

गेल्या पोळ्याला आई गेली. तेरवीला भागीरथाआत्या जुनं काढून बसल्या होत्या. "लग्नात तुह्या बापानं ताटातल्या तांदळात विमला लिहिलं, तं तुही माय मले इचारते, हे कोन? जेठीच होती ना ते तवापावतर!"

"जेठी?"

"हो मंग. माहेरचं नाव तिचं."

अरे देवा! मंदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. स्वतःची अंजूची मंदा झालेली, तेही अशाच तांदळात, आणि आईचंही नाव बदललं असेल हे या बाईच्या डोक्यात येऊ नये? शहाणपणा करत लपवत बसली. एकदा तोंड उघडून विचारायचं होतं, बस्स.

'जेठी' म्हटल्यावर नोंद लगेच निघाली, बापाच्या आणि भावाच्या नावासकट. त्यावरून नागपूरच्या सिंधी पंचायतीनं घर सांगितलं. इतकी वर्षं भाऊ तासा-दीड तासाच्या वाटेवर राहत होता!

दार किशनच्या सुनेनं उघडलं. मागच्या भिंतीवर किशनचंदांच्या फोटोला हार होता.

"मैं वर्धा से आयी," मंदाबाई कशाबशा म्हणाल्या.

"वर्धा? बाबूजी वहाँ बहुत चक्कर काटते थे। बाज़ार में पूछते, जेठी को कोई जानता है? सब कहते, यहाँ कोई जेठी नहीं।" सुनेनं फोटोकडे पाहिलं. "इस होली से पहले चले गये।"

म्हणजे अर्ज दिला तेव्हा दोघंही जिवंत होती. मंदाबाई उंबऱ्यातच बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. सुनेनं घाबरून पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. "दीदी, आप कौन?"

सासरचं नाव तोंडात आलंच नाही. "अंजू," त्या म्हणाल्या. "जेठी की अंजू."