दिवाकररावांची दुसरी प्रत

दिवाकरराव पांढरीपांडे यांनी चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली, आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद गहाळ झाला नाही. राज्य नवं झालं तेव्हा भोपाळहून ट्रक भरभरून फायली रायपूरला आल्या. त्या उतरवून घेताना त्यांना कावीळ झाली होती, तरी हातातली यादी सोडून ते घरी गेले नाहीत. पुढे खातं नव्या रायपूरला हललं. शेवटचं वर्ष त्यांनी रुंद रस्त्यांवरून रिकाम्या बसने जा-ये केली आणि निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांचं नाव चुकवलं, ते त्यांनी उभं राहून दुरुस्त करून घेतलं.

नोकरी संपली, नियम संपले नाहीत. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात प्रत्येक कागदाच्या दोन प्रती असत, एक कपाटात आणि एक पेटीत. दोन प्रती झाल्या की जीर्ण मूळ कागद नष्ट करायचा. दुसरी प्रत जाग्यावर आहे की नाही हे बघायचं, तर पहिली बाजूला काढायची, दुसरीसाठी अर्ज द्यायचा आणि तीन कार्यालयीन दिवस थांबायचं. घरी हा अर्ज ते स्वतःच लिहीत आणि स्वतःच स्वीकारत. त्यांच्या पत्नीने, विनोदिनीबाईंनी, यावर वाद घालणं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं.

या घरात एकाच वस्तूची दुसरी प्रत नव्हती. ती म्हणजे दिवाकररावांच्या आईची, अंजनाबाईंची, गाणी. अंजनाबाई वर्धेकडच्या. भादव्यात भुलाबाईची मातीची मूर्ती बसली की पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरी गोळा करून त्या कोजागिरीपर्यंत गात. रायपुरात राहून राहून त्यांची भुलाबाई गोलबाजारात बांगड्या भरायला लागली होती आणि माहेरी जाताना गुढियारीच्या फाटकावर मालगाडीसाठी खोळंबत होती. ही गाणी वर्धेत कुणाला येत नव्हती आणि रायपुरातही नाही. अंजनाबाईंना जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांच्या अकरा गाण्यांची एक कॅसेट होती, ती घासत आली तेव्हा गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली; त्यानंतर कॅसेट धड वाजेना. दिवाकरराव ती रोज सकाळी चहाबरोबर लावत. आईचा आवाज जगात आता एका हार्ड डिस्कवर आहे, एकाच, हे एक दिवस त्यांच्या लक्षात आलं आणि चहा गोड लागेना.

गुढियारीचा हरिदास कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने येऊन अगदी सारख्या दोन डिस्क बसवल्या आणि त्यांची जोडी जमवून दिली.

"काका, हे मिरर आहे. एकीवर लिहिलं का दुसरीवर आपोआप लिहिल्या जाते. एक मेली तरी दुसरी जित्ती."

"म्हणजे कार्बन," दिवाकरराव म्हणाले.

"हव, कार्बनच समजा," हरिदास म्हणाला, कारण त्याला पुढे तीन घरं करायची होती.

दोन प्रती झाल्या. दिवाकररावांनी जीर्ण कॅसेट रीतसर नोंद करून परसात जाळली. मग दुसऱ्या प्रतीची तपासणी हाती घेतली. पहिली बाजूला काढायची म्हणून गाण्यांचा फोल्डर पुसला. मनात किंतु नको म्हणून कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. अर्ज लिहिला, सही केली, गुरुवारची तारीख घातली. मध्ये शनिवार-रविवार आले, ते धरले नाहीत. तेवढ्या सवडीत त्यांनी घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून डिस्कवर चढवले. रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे.

मंगळवारी सकाळी त्यांनी दुसरी प्रत मागितली. कॉम्प्युटरने दिली नाही.

हरिदास आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा अर्जही वाचला.

"काका, इकडे पुसलं का तिकडेही पुसते. त्याच टाइमले. टेस्टच करायची होती त मले बोलवायचं, एका डिस्कची तार काढून पाहिली असती."

"मी पुसलं ते पहिलीवरून. दुसरीले कोणी सांगितलं?"

"तुम्हीच," हरिदास म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो निरनिराळी सॉफ्टवेअरं चालवत बसला. अकराही नावं सापडली, पण आवाजाच्या जागेवर फोटो जाऊन बसले होते.

तो गेल्यावर दिवाकरराव स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. विनोदिनीबाई भाजी निवडत होत्या.

"काहून बसले असे?"

"आई गेली," ते म्हणाले. सात वर्षांपूर्वी हेच शब्द त्यांनी नातेवाइकांना फोनवर सांगितले होते, पण तेव्हा त्यांचा आवाज असा चिरकला नव्हता.

त्यांनी सगळं सांगितलं. विनोदिनीबाईंनी मेथीची जुडी सोडली. मग म्हणाल्या, "रोज सकाळी अकराच्या अकरा लावत होते तुम्ही. मले काय बहिरी समजता?"

आणि मेथी निवडता निवडता त्या गाऊ लागल्या. आवाज सासूबाईंचा नव्हता, त्यापुढे बराच जाड होता. पण बांगड्या होत्या, फाटक होतं, मालगाडी होती. दिवाकरराव मान खाली घालून ऐकत राहिले. चौथ्या गाण्याच्या मध्यावर त्या एकाएकी थांबल्या, दाराकडे मान वळवली आणि ओरडल्या, "दिव्या, पोट्ट्या, गॅस बंद कर, दूध उतू चाललं!" आणि पुढचं कडवं घेतलं. कॅसेट भरताना अंजनाबाई तिथेच ओरडल्या होत्या.

अडतीस वर्षांच्या संसारात विनोदिनीबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आणि आई गेल्यापासून दिवाकररावांना दिव्या कुणी म्हटलं नव्हतं.

दिवाकरराव उठले. गॅस बंदच होता. ओट्याला धरून ते मोठ्याने रडले, आणि विनोदिनीबाईंनी गाणं न थांबवता पुढची जुडी निवडायला घेतली.