रोह्याच्या लीयाबाई

रोह्याच्या बाजारात लीयाबाई पेणकर आणि त्यांचे यजमान एलियास यांचं तेलाचं छोटं दुकान होतं. दोघं ज्यू; बहुतेक नातेवाईक इस्रायलला गेले, हे दोघं राहिले. "माझं वालाचं शेत इथं हाय, तिकडे जाऊन काय करू?" एवढंच लीयाबाई सांगत. पण मागे राहिल्याचा एक ताप झाला. सारखं कोणी तरी कॅमेरा घेऊन येई आणि विचारी, तुम्ही भारतात कधी आलात?

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा देशातल्या निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचं प्रदर्शन निघालं. त्यासाठी कमळाकर नावाचा फोटोग्राफर मुंबईहून आला, तोही ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. लीयाबाई नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, तशाच दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्याने कॅमेरा खाली घेतला.

"बाई, यात तुम्ही वेगळ्या दिसत नाही."

"मग कशी दिसू?"

"मंगळसूत्र तेवढं काढता? आणि काकांनी प्रार्थनेची शाल घेतली तर..."

"शाल पांघरून ते तेल मापतील व्हय? आणि मंगळसूत्र आमच्यातपण घालतात."

एलियास मात्र शाल शोधायला आत गेलेसुद्धा. त्यांच्या या भिडस्तपणाने लीयाबाई आणखीच वैतागल्या. तेवढ्यात शेजारची हौसा सोलायला वाल घेऊन आली. कमळाकरने तिला बाजूला व्हायला सांगितलं.

"ती रोज इथंच बसते. बस गो हौसा," लीयाबाई हात करून म्हणाल्या आणि नेमका तेव्हाच त्याने फोटो काढला.

काही महिन्यांनी प्रदर्शन पेणला आलं. दोघी एसटीने बघायला गेल्या. फोटो चांगला मोठा होता, पण हौसाला कापून टाकलं होतं. तिचं कोपर तेवढं उरलं होतं. खाली पाटी होती : 'भारताने आश्रय दिलेले पाहुणे'.

लीयाबाईंनी व्यवस्थापक दिनानाथांना बोलावलं. "माझी पणजी रोह्यात जन्मली, रोह्यातच तिला पुरलं. मी पाहुणी कसली?"

"अहो, कौतुकानेच लिहिलंय. आणि पाट्या वरून छापून येतात."

लीयाबाईंनी खुर्ची ओढली आणि फोटोखाली ठाण मांडलं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगू लागल्या, "मी रोह्याची. ते लिहिलंय ते खोटं हाय." सांगून सांगून घसा बसला. भोवती गर्दी जमली, बाकीचे फोटो कोणी बघेना. शेवटी दिनानाथांनी पाटी काढली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, 'लीया पेणकर, रोहा.' पुढे 'ज्यू' असं जोडलं. ते खरंच होतं, म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

"आणि कोपर हौसाचं हाय, तेपण लिहा."

दिनानाथांनी हात जोडले.

परतीची एसटी नागोठण्याला थांबली. हौसा म्हणाली, "पुन्हा कोण आला तर आधी हाक मार गो. लुगडं बदलून येते."

"आता कोणाला दारात उभं करायची नाय."

पुढच्या हिवाळ्यात कॅमेरा घेऊन आणखी दोघे आले. लीयाबाई शेतावरून परतल्या तेव्हा एलियासनी त्या दोघांना चहाला बसवलं होतं.